ब्रँडीचे कान आणि माझं गाऱ्हाणं

॥ आई सोमजाईची नजर असू दे ॥

मु. वरचीवाडी, कुडपणच्या वाटेवर,
ता. पोलादपूर
गुरुवार, ५ नोव्हेंबर १९९८

राजमान्य व्याहीबुवा दत्तारामजी यांस गोमाजीचा वाकून रामराम. (वयानं तुम्ही माझ्यापेक्षा दोन पावसाळ्यांनी लहान, पण मी पडलो मुलीचा बाप, म्हणून वाकतो. कंबर आता आपसूकच वाकलेली असते, तेव्हा वेगळे कष्ट पडत नाहीत.)

इकडे आम्ही उभयता, मी नि बयाबाई, बरे आहोत. तिकडे पनवेलला तुम्ही, विहीणबाई, जावईबापू, आमची माधुरी आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ, सगळी मजेत असाल. माधुरीचा खोकला गेला का? बाळ कुशीवर वळतं का? (बयाबाई बारशाला येऊन त्याला बघून गेली, पण मी गुरं कोणावर टाकून येणार? मी अजून त्याचा फोटोच बघतो आहे, आणि फोटोत ते झोपलेलं आहे.) तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढतं का? आणि मुख्य म्हणजे, व्याहीबुवा, तुमचे कान कसे आहेत? दुखतात का, खाजतात का, जड वाटतात का? खरं सांगा, संकोच करू नका. ही विचारपूस मी रीत म्हणून करत नाही. येत्या सोमवारी मला देवीच्या देवळात, भरल्या गावासमोर, तीस वर्षांत कधी केलं नाही ते करायचं आहे. स्वतःच्या तोंडानं घातलेलं गाऱ्हाणं स्वतःच्याच तोंडानं मागं घ्यायचं आहे. नाही घेतलं तर तुमच्या ब्रँडीचं काही खरं नाही, आणि घेतलं तर माझं काही खरं नाही. मधल्यामध्ये तुमचे कानही अडकले आहेत. पण घाई करत नाही, पहिल्यापासून सांगतो.

ऑगस्टात तुम्ही महाडचं बिऱ्हाड मोडून लेकाकडे गेलात. घरात पाळणा हलणार, तिथं हा केसाळ गडी नको, म्हणून 'महिनाभर सांभाळा' म्हणत कुत्रा आमच्या ओटीवर ठेवलात. सोबत फुलस्केप कागदावर सूचना. (जन्म कारकुनीत गेला ते त्या कागदावर दिसतं. अकरा कलमं, खाली सही आणि सहीखाली रेघ.) कुत्रा स्पॅनियल जातीचा आहे. कारखान्यातल्या साहेबांची बदली झाल्यामुळे आपल्याकडे आला. रोज केस विंचरणे. कान आठवड्यातून दोनदा कापसाने पुसणे. गोड न देणे. जेवताना कान ताटलीत पडू न देणे. मी तो कागद बयाबाईला मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लग्नात असला कागद कुनी दिला नाय तुम्हाला." आमच्याकडे कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती गोठ्याच्या तोंडाशी निजतात, उरलंसुरलं खातात, आणि परका माणूस आला की त्याच्या पोटरीचा नमुना घेतात. त्यांना विंचरायला गेलो असतो तर तीच लाजून रानात पळाली असती.

'ब्रँडी' या नावाचं सांगायचं राहिलं. साहेबांनी रंगावरून ठेवलं असेल, पण माझी पंचाईत केली. मी दारू सोडून अकरा वर्षं झाली, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे, कारण सोडली तेव्हा मीच देवळात नारळ फोडून सांगितलं होतं. आता रोज दिवस मावळताना मी बांधावर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून 'ब्रँडी! ये रे ब्रँडी! कुठं गेलास रे, तुझ्यावाचून घास उतरत नाय!' असं ओरडतो. पलीकडच्या डोंगरावरच्या माणसांना कुत्रा दिसत नाही, फक्त मी दिसतो. खालच्या वाडीतला सदू तर मला समजावायलाही येऊन गेला.

तर कलम चार, कान. असले कान मी जन्मात पाहिले नाहीत. कुत्र्याच्या मापाचे ते नाहीतच, कुणा दुसऱ्याचे चुकून लागले असावेत. ताटलीत आमटी-भात घातला की आधी कान जेवतात, मग कुत्रा. मग ते भाताचे कान घेऊन तो घरभर प्रेम करत हिंडतो, आणि माझ्या धोतरावर, पोथीवर, म्हशीच्या नाकावर आमटीचे शिक्के उठतात. तीन दिवस बयाबाईनं दोन्ही हातांनी कान वर धरून त्याला जेवू घातलं. चौथ्या दिवशी तिनं पेटीतून माधुरीची लहानपणची कुंची काढली, तिच्यात जुन्या लुगड्याचा तुकडा जोडून ती रुंद केली आणि त्याच्या डोक्यावर बांधली. हनुवटीखाली गाठ, मागं झालर. आता तो जेवायच्या वेळी कुंची तोंडात धरून तिच्यापाशी येऊन बसतो. (आमच्या पोरांनी कधी एवढं ऐकलं नाही.) केस विंचरायला ती स्वतःची फणी घेते आणि खोबरेल लावते. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हा मी एकदा फणी मागितली होती, तर दात मोडतील म्हणाली होती.

राखणीचं म्हणाल तर आनंद आहे. परका माणूस दिसला की हा त्याला घर दाखवायला आत घेऊन जातो. भुंकला तो एकदाच, मी नवी टोपी घालून आलो तेव्हा. बाहेर निजवावा तर वरच्या रानात बिबट्या आहे, आणि बिबट्याच्या दृष्टीनं हा म्हणजे घरपोच आलेली पुरणपोळी. म्हणून आत घेतला. आत म्हणजे चुलीजवळ. चुलीजवळून तो खाटेखाली आला, खाटेखालून माझ्या घोंगडीवर आला, आणि आता घोंगडी त्याची आहे. मी कडेला निजतो. त्यातून दुपारी म्हशीच्या डबक्यात डुंबून आलेला असला तर घरात म्हैसच निजल्याचा भास होतो.

एवढ्यावर निभावलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आता चंपाबाई येतात.

चंपाबाई म्हणजे आमच्या लागूनच्या शेजारीण. एकट्या राहतात, लेक मुंबईला असतो. बारा कोंबड्या आहेत त्यांच्या, आणि त्यांच्या नि आमच्या अंगणात एक हातभर बांध. नऊ वर्षांपूर्वी उकिरड्याच्या जागेवरून दोन्ही घरांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. पण बोलणं बंद म्हणजे आवाज बंद नव्हे. आमच्याकडे ज्यांचं बोलणं नसतं ती माणसं जनावरांशी बोलतात. बयाबाईला काही सुनावायचं असलं की चंपाबाई ते आपल्या कोंबडीला सुनावतात, आणि बयाबाई त्याचं उत्तर आमच्या म्हशीला देते. पाऊसपाणी, लग्नकार्य, कोणाची सून कशी निघाली, सगळं अशाच वाटेनं येतं-जातं. म्हैस नि कोंबडी या दोघींना या पंचक्रोशीची बित्तंबातमी असते.

दसऱ्यानंतर आमच्या काळ्या कोंबडीनं पुन्हा अंडी द्यायला सुरुवात केली. ही कोंबडी म्हातारी. गणपतीपासून तिनं काम सोडलं होतं. मी पंचायत समितीकडून मिळालेलं कुक्कुटपालनाचं पुस्तक दोनदा वाचून काढलं आणि स्वतःच्या डोक्यानं एक औषध बनवलं : ओवा, नाचणीचं पीठ आणि आंबट ताक. चौथ्या दिवशी डालग्यात अंडं! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. (शाळा चौथीत सुटली, पण वाचन सोडलं नाही, त्याचं हे फळ, असं मी भेटेल त्याला सांगितलं.) पुढं रोज एक, मग दोन, आणि एके दिवशी तीन. एका कोंबडीनं दिवसाला तीन अंडी दिल्यावर माणसानं तिथंच शहाणं व्हायला हवं. मी औषध निम्मं केलं, म्हातारीवर ताण पडू नये म्हणून. एक अंडं पांढरं, एक तांबूस. मी म्हटलं, नाचणीचा गुण. एका अंड्याला खोबरेलाचा वास. बयाबाई म्हणाली, "तुमचं औषधच अंगी लागलंय तिच्या." वाडीतल्या बायका वाट्या घेऊन औषध मागायला आल्या. मी दिलं, आणि वर भाषणही दिलं.

दिवाळीला तुम्हाला भाताच्या तुसात घालून दोन डझन गावठी अंडी पाठवली होती, ती हीच. त्यांचं आम्लेट फार छान झाल्याचं विहीणबाईंनी लिहिलं होतं. ते पत्र मी चार घरी वाचून दाखवलं. आता ते चुलीत घातलं आहे.

इकडे बांधापलीकडून रोज सकाळी चंपाबाईंचा आवाज यायचा. "काय गो कवडे, आज येकच? काल तीन व्हती ना पेंढ्यात? गेली वाटतं. जायाची तिथं गेली. पाय फुटलं बाय अंड्यांना, चार चार पाय." यावर आमची बयाबाई म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "मुंगूस असंल गो. नायतर धामण." आणि पलीकडून लगेच, "व्हय व्हय, मुंगूसच. हल्लीच्या मुंगसांना कान काय लांब आल्यात गो, नि अंगाला खोबरेल लावून हिंडतात मेली!" व्याहीबुवा, मी हे सगळं ओटीवर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बिचारीची नजर गेली, आणि डोक्यावरही परिणाम झाला. एकटी बाई, बारा कोंबड्या, त्यात कोणी अंडी चोरतंय. भांडण आपल्या जागी, पण शेजारधर्म आहे की नाही? मी ठरवलं, आपण होऊन देवीला गाऱ्हाणं घालायचं. चंपाबाईंनी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

तुम्ही महाडच्या पेठेतले, तुमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे पोलीस चौकी. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी गाव देवळात जमतं, एक माणूस देवीसमोर नारळ धरून उभा राहतो आणि गावाचं दुखणं तिच्या कानावर घालतो. एकेक वाक्य झालं की मागून सगळे 'व्हय गे आई' म्हणतात. तीस वर्षं तो माणूस मी आहे. माझ्या गाऱ्हाण्याला खालच्या वाडीतून लोक ऐकायला येतात. आणि खरं सांगू का, मला ते आवडतं. त्या सोमवारी, सव्वीस ऑक्टोबरला, मला जरा जास्तच चढलं. मी म्हणालो, आई, ज्यानं या निराधार बाईच्या पेंढ्यातली अंडी नेली, तो हा सोमवार धरून तिसऱ्या सोमवारपर्यंत उजेडात येऊ दे. (व्हय गे आई.) त्याच्यावर चार पायांवर चालायची पाळी येऊ दे. (व्हय गे आई.) त्याचे कान लोंबून जमिनीला लागू देत. त्याला स्वतःचं अंथरूण न मिळता दुसऱ्याच्या घोंगडीवर पडून राहावं लागू दे. त्याची वाचा जाऊ दे. आणि उजेडात आला नाही तर, आई, त्या कानांत काटे शिरू देत, आणि ज्याच्या ज्याच्या तोंडी ती अंडी लागली त्याच्याही कानांना हिसका बसू दे. देऊळ नुसतं दणाणलं. मागं चंपाबाई पदर तोंडात कोंबून हलत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ओटीवर काथ्या वळत बसलो होतो. ब्रँडी बांधावरून उडी मारून आला. चाल संथ, मान ताठ, तोंड मिटलेलं, डोळे अर्धे मिटलेले, लग्नात करवली कलश धरून येते तसा. माझ्याकडे न बघता डालग्यापाशी गेला, मान आत घातली, आणि बाहेर काढली तेव्हा तोंड उघडं नि जीभ बाहेर. मी जाऊन पाहिलं. अंडं. गरम, ओलं, एक ओरखडा नाही. आमची काळी डालग्यात बसली होती, तिनं ते पोटाखाली ओढून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोर.

मी तिथंच डालग्याला टेकून बसलो. ब्रँडी येऊन माझ्या मांडीवर डोकं टेकून निजला. तेव्हा माझ्या ध्यानात एकेक येऊ लागलं. चार पायांवर चालतो. कान जमिनीला लागतात. दुसऱ्याच्या घोंगडीवर निजतो. वाचा नाही. मी तासभर घसा ताणून देवीकडे जे मागितलं ते सगळं तिनं ऑगस्टातच देऊन टाकलं होतं. उरले होते फक्त कानातले काटे.

आणि शुक्रवारी तेही आले. सकाळपासून तो मान वाकडी करून एकाच बाजूला फिरायला लागला, कान झटकायला लागला, हात लावू देईना. जेवला नाही. कुंची आणली नाही. बयाबाई चुलीपाशी तोंड फिरवून बसली आणि म्हणाली, "तुमचं त्वांड! तुमचं त्वांड लागलं माझ्या वासराला." (वासरू म्हणाली. म्हशीलाही ती कधी वासरू म्हणाली नाही.) तीन दिवस घरगुती उपाय केले, चौथ्या दिवशी त्याला पाटीत घालून डोंगर उतरलो आणि पोलादपूरची एसटी धरली. कान झटकून दुखू नयेत म्हणून कुंची बांधलेली, अंगावर शाल. कंडक्टर मागून आला, म्हणाला, आजोबा, तान्ह्या मुलाला तिकीट नाय. मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही, नुसता गप्प बसलो. शेजारच्या बाईनं शाल जरा बाजूला करून विचारलं, "नातू का वो? कितवा म्हयना?" आणि लगेच शाल पुन्हा नीट झाकली. उतरताना एवढंच म्हणाली, "बापावर गेला असंल." व्याहीबुवा, जावईबापूंची मनापासून क्षमा मागतो.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण, पण हात हलका. त्यांनी चिमट्यानं कानातून बोटाच्या पेराएवढं कुसळ काढलं. म्हणाले, लांब कानांच्या कुत्र्याला कापणीच्या दिवसांत हे व्हायचंच, गवतातून आला की रोज कान उलटून बघत जा. मी हळूच अंड्यांचं विचारलं. ते हसले. म्हणाले, ही साहेब लोकांची शिकारी जात. पडलेला पक्षी तोंडात धरून, दात न लावता, धन्याच्या पायाशी आणून ठेवणं हे हिच्या रक्तात आहे. तुमच्याकडे पक्षी पडत नाहीत, तर तो अंडी आणतो. माया आहे ती. मी शापाचंही सांगितलं. ते म्हणाले, आजोबा, शाप नाही, गवत आहे. मी हो म्हणालो. पण मला सांगा, अख्ख्या डोंगरावर एवढं गवत, एवढी गुरं, एवढी माणसं, आणि ते एक कुसळ नेमकं याच कानात कोणी धाडलं? शिवाय एकच कान झाला आहे. दुसरा बाकी आहे. आणि तिसरा सोमवार चार दिवसांवर आला.

अंडी गुपचूप परत करूनही पाहिली. तीन अंडी नेऊन चंपाबाईंच्या पेंढ्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत पाच आली. बांधला तर रडतो, आणि रडला की बयाबाई सोडते. ती म्हणते, देवीला सगळं ठाऊक असतं, तिला वेगळं सांगायला कशाला जायचं? पण मी तीस वर्षं हेच लोकांना सांगत आलो, की जे चारचौघांत म्हटलं ते चारचौघांतच परत घ्यावं लागतं, मनातल्या मनात घेतलेलं तिथं पोचत नाही. आता ती रीत माझ्याच गळ्यात आली आहे. सोमवारी उभं राहून मी काय म्हणू? की कोंबडीचं औषध खोटं, कोंबडी खोटी, मी वाट्या भरभरून वाटलं ते ताक होतं, आणि ज्या बाईचा कैवार घेतला तिची अंडी माझ्याच घरी येत होती? पुन्हा माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला 'व्हय गे आई' कोण म्हणेल? तीन रात्री घोंगडीच्या कडेला पडून विचार केला. (मधोमध तो घोरत होता.)

असो. कागदाला जागा उरली नाही आणि म्हशीची धार काढायची आहे. थोरांना नमस्कार, माधुरीला आशीर्वाद, बाळाच्या दोन्ही गालांना मिशा न टोचता एकेक पापा. कानांची काळजी घ्या.

आपला,
गोमाजी

ता. क. (शुक्रवार) : काल संकोचापायी मुद्द्याचं लिहिलं नाही, ते आज लिहितो. व्याहीबुवा, सोमवारच्या आत तुम्ही इथं या. कुत्रा कागदोपत्री तुमचा आहे. अकरा कलमांखाली सही तुमची, सहीखाली रेघ तुमची. त्या अकरांत 'अंडी आणतो' हे कलम कुठंही नाही, म्हणजे माहिती तुम्ही दडवलीत. तेव्हा देवळात माझ्या जागी तुम्ही उभं राहावं, 'कुत्रा माझा, चूक माझी' एवढं म्हणावं, आणि त्याला घेऊन मुकाट पनवेलला जावं. तुम्हाला इथं कोण ओळखतं? तुमची अब्रू जाऊन जाऊन कुठवर जाणार? माझी तर इथंच राहायची आहे. बयाबाईला हे लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा (मंगळवार) : टपालवाला चार दिवस वर आला नाही, पत्र कोटाच्या खिशातच राहिलं. तेव्हा यायचे कष्ट घेऊ नका, ते काम उरकलं.

सोमवारी दुसरा कान मी सकाळपासून चार वेळा उलटून पाहिला. संध्याकाळी ब्रँडीला बरोबर घेऊन देवळात गेलो. पाठ केलेली चाळीस वाक्यं नारळ हातात घेताच पळाली. मी नुसतं म्हणालो, आई, चोर सापडला. तो माझ्या घोंगडीवर निजतो. मग मागून कोणीतरी सवयीनं 'व्हय गे आई' म्हणालं, आणि गाव सुरू झालं. मी म्हणालो, आई, मी न बघता बोललो. व्हय गे आई! ते औषध म्हणजे नुसतं ताक होतं. व्हय गे आई! मला वाटलं तेवढी अक्कल मला नाही. व्हय गे आई!! तीस वर्षांत एवढ्या जोरात कधी म्हणाले नव्हते. घंटा आपोआप हलली. मग म्हणालो, शिक्षा करायची तर मला कर, या मुक्याचा कान सोड. यावर मात्र कोणी 'व्हय गे आई' म्हटलं नाही.

तेव्हा मागून चंपाबाई उठल्या. सरळ पुढं आल्या, ब्रँडीजवळ बसल्या, त्याला म्हणाल्या, "काय रे बाबा, आज कळलं का तुझ्या घरच्यांना? मला दसऱ्यापास्नं ठावं हाय. रोज बांधावरनं वरडून सांगतेय, तर शानी मानसं मुंगूस शोधतात!" गाव हसायला लागलं. मी विचारलं, अहो, मग गाऱ्हाणं घातलं तेव्हा का नाही बोललात? तर माझ्याकडे न बघता, ब्रँडीलाच, "म्हटलं बघू तरी, तुझ्या म्हाताऱ्याचं त्वांड कुठवर चालतंय." मग त्यांनी त्याच्या पोटाला हात लावला, मान वर केली, आणि आमच्या बयाबाईकडे बघून, मध्ये कोंबडी नाही, म्हैस नाही, एकदम म्हणाल्या, "किती फुगवलंस गो ह्याला! आजारी पडंल."

नऊ वर्षांनी पहिला शब्द. बयाबाईही उसळली. "मी फुगवला? दुपारी कुठं जेवून येतो त्यो? तांदळाची भाकर कुनाच्या घरची असते त्याच्या मिशीला?"

"मग अंडं नेतो तर काय उपाशी पाठवू?"

"दूध पन घालतेस!"

"घालतेच! तू घालत नायस म्हनून घालते!"

अशा भांडत दोघी देवळाच्या पायऱ्या उतरल्या, मध्ये ब्रँडी. बांधापर्यंत भांडत गेल्या, आणि बांध ओलांडून चंपाबाईंच्या ओटीवर बसून दिवेलागणीपर्यंत भांडत होत्या. मी नारळ हातात धरून तसाच उभा होतो. तो फोडायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही.

ता. क. तिसरा : मघाशी एक राहिलं. शाप मी चोरावरचा मागं घेतला, पण 'ज्याच्या तोंडी अंडी लागली' ते कलम मागं घ्यायचं गडबडीत राहूनच गेलं. आज गावात त्यावर बोलणं झालं. चंपाबाईंचं म्हणणं असं की ते दुसऱ्यानं मागं घेऊन चालत नाही, खाणाऱ्यानं स्वतः येऊन नारळ वाढवावा लागतो. दोन डझनांतली जी जी अंडी ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्या सगळ्यांनी. माधुरीनं खाल्ली असणारच. आणि बाळ तिच्या अंगावर पितं, म्हणजे तेही आलं. (माझं मत मी दिलं नाही. मला आता मत द्यायचा अधिकार नाही.)

तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीनं वीर स्टेशनला उतरा, रिक्षानं महाडपर्यंत या, तिथून एसटी, आणि पायथ्याला मी उभा असेन. नारळ इथं आहे. तुम्ही फक्त बाळाला आणा, आणि येताना जागं ठेवा.

कुत्र्याला परत न्यायचा विचार असेल तर तो विषय चंपाबाईंकडे काढा. मी मध्ये पडणार नाही. बयाबाईही पडणार नाही म्हणते, पण हे म्हणताना तिनं दाराला आतून कडी लावलेली आहे.